मी हळू दिसतो

रात्रीचे साडेअकरा. झोप नाही. कालच्या सड्यावरच्या ऑटोक्रॉसचा, म्हणजे मातीच्या ट्रॅकवर ड्रमांना वळसे घालत घड्याळाविरुद्ध गाडी पळवायच्या शर्यतीचा, व्हिडिओ आत्तापर्यंत अकरा वेळा बघून झाला आणि अकराही वेळा तेच. मी हळू दिसतो.

हरलो त्याचं काही नाही. सातात पाचवा आलो, ते धरूनच होतो, काय वाईट वाटायचं ते काल तिथेच उसाचा रस पिताना वाटून झालं. पण हा व्हिडिओ आज सकाळी चहा घेताना उघडला आणि तेव्हापासून पोटात काहीतरी अडकल्यासारखं झालंय. दिवसभर बागेत कामात लक्ष नाही. फवारणीवाल्याला दोनदा चुकीची कलमं दाखवली.

आत बसलेलो तेव्हा काय चाललं होतं ते मला माहितीय ना. हेल्मेटमधे स्वतःचा श्वास घुमतोय, खालून खडी पत्र्यावर ताडताड वाजतेय, सेकंड गिअरला इंजिन बोंबलतंय, स्टेअरिंग हातातून सुटायला बघतंय आणि तिसऱ्या ड्रमला मागची बाजू अशी काही सटकली की मला वाटलं झालं, आता गाडी घेऊनच घळीत. आणि बाहेरून काय दिसतं? एक पांढरी मारुती झेन, शाळा सुटायच्या वेळेला पोरांना आणायला निघाल्यासारखी, ड्रमाला वळसा घालते, थोडी लाल धूळ उडते, पुढे जाते. बस. इंडिकेटर दिला असता तरी शोभला असता.

1 मिनिट 24.6 सेकंद. ट्रॅक साधारण 1.2 किलोमीटरचा. मघाशी कॅल्क्युलेटर काढून बसलो, तो मूर्खपणा करायला नको होता. सरासरी ताशी 51. कसालवरून कुडाळला येणारी एसटी ह्यापेक्षा जोरात येते, आणि तिच्यात पन्नास माणसं असतात आणि टपावर कोणाचं तरी कपाट.

ह्या 51 साठी दोन आंब्याच्या सीझनचे पैसे गेले. दोन. 98 चं मॉडेल, 993 सीसी, मूळची 50 बीएचपीची गाडी. बाबांनी घेतली तेव्हा गावात... जाऊ दे ते. तिच्यात मारुतीच्याच एस्टीमचं 1298 सीसी सोळा व्हॉल्व्हवालं इंजिन बसवलं, कंपनीच्या कागदावर 85 बीएचपी. दोन्ही इंजिनं सुझुकीच्याच जी सिरीजची भावंडं, त्यामुळे बसतं, पण 'बसतं' म्हणणाऱ्यांनी कधी स्वतः बसवून बघावं. माउंटिंग, वायरिंग, ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, रेडिएटर, प्रत्येक गोष्टीला मिस्त्री म्हणणार 'होईल रे' आणि मग चार महिने गाडी त्याच्या शेडमधे ठोकळ्यांवर. मागची सीट काढली, कार्पेट काढलं, दारांचे आतले पुठ्ठे काढले. कार्पेट काढल्यावर खाली फ्लोअरला भोकं, खाऱ्या वाऱ्याने केलेली, त्यातून जमीन दिसत होती. ते पत्रे मारून घेतले. जुनं इंजिन अजून पडवीत ताडपत्रीखाली आहे. दादा मुंबईहून आला की विचारतो भंगारात कधी घालणार, आणि त्यानंतर दुसरा विषय निघतो, तो इथे नको.

वर ही गाडी रस्त्यावर काढायची सोय नाही. आरसीवर 993 आणि आत 1298, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, पकडलं तर बोलायला तोंड नाही. म्हणून आयशर टेम्पो करायचा, बांधाला टेम्पोची पाठ लावून फळ्यांवरून गाडी चढवायची, शेजारचे सगळे बघायला. काल पहाटे तात्या विचारतात, 'बंद पडली काय रे?' मी म्हटलं नाही, शर्यतीला चाललीय. म्हणाले, 'टेम्पोतून?'

तर एवढं सगळं करून हळू दिसायचं.

दुपारी जरा स्वतःची समजूत घातली. म्हटलं नीट चालवलेली गाडी बाहेरून हळूच दिसते. ज्या पोराने काल प्रत्येक ड्रमाला शेपूट फिरवलं, धुळीचे ढग उडवले, त्याच्या व्हिडिओवर गाणं लावून हजारभर लाइक आलेत, आणि वेळ माझ्यापेक्षा तीन सेकंदांनी जास्त. गाडी आडवी घसरते तेवढा वेळ ती पुढे जात नसते, साधा हिशोब आहे. जपानात 83 ते 87 दरम्यान टोयोटाने कोरोला काढली ती एई86, 1587 सीसी, मागची चाकं ओढणारी, ती घाटात आडवी घालून पोरांनी आणि पुढे केइची त्सुचिया नावाच्या ड्रायव्हरने त्याचाच खेळ केला, आणि त्या ड्रिफ्टिंगला घड्याळ नाहीच, परीक्षक मार्क देतात. दिसण्याचे मार्क! आमची झेन पुढची चाकं ओढणारी, ही तिकडे जपानात सर्व्हो मोड नावाने 660 सीसीत यायची, बायकांनी बाजारात न्यायची गाडी. ती आडवी कशी दिसणार, ती आपली नाकासमोर जाणारी. आपल्या नशिबात जपानी क्लासिक म्हणजे सुझुकी, त्यातही मारुतीचा बिल्ला लावलेली, आणि खरं सांगायचं तर मला दुसरी नकोच आहे.

ही समजूत दुपारी अडीचपर्यंत टिकली. मग पहिल्या आलेल्या कोल्हापूरवाल्याचा व्हिडिओ बघितला. तो माझ्यापेक्षाही शांत दिसतो, अगदी कंटाळवाणा, आणि चार सेकंदांनी पुढे. म्हणजे नीट चालवणारे हळू दिसतात हे खरं, पण हळू दिसणारे सगळे नीट चालवत नाहीत. हे मला कोणी सांगितलं नसतं तरी चाललं असतं.

दोन्ही व्हिडिओ थांबवत थांबवत बघितले तेव्हा एक गोष्ट सापडली, ती मात्र आत बसून जन्मात कळली नसती. ब्रेक लाइट. माझा तिसऱ्या ड्रमाच्या कितीतरी आधी लागतो आणि लागलेलाच राहतो, मोजलं तर जवळजवळ तीन सेकंद. त्याचा पेटतो न पेटतो तोच विझतो. तो डाव्या पायाने ब्रेक मारत असणार, उजवा पाय ॲक्सिलरेटरवर तसाच ठेवून, म्हणजे वजन नाकावर येतं, मागची बाजू हलकी होते आणि गाडी आपोआप वळते. मी उजवा पाय उचलतो, ब्रेकवर ठेवतो, विचार करतो, घर आठवतं, माउंटिंग आठवतं, मिस्त्रीचं बिल आठवतं, मग वळतो. सहा ड्रम, प्रत्येकाला पाऊण सेकंद धरा. चार-साडेचार सेकंदांचा हिशोब लागला. म्हणजे मी हळू दिसत नाही, मी हळू आहे. एवढं लिहिल्यावर का कोण जाणे जरा बरं वाटतंय. इंजिनचा दोष नाही, गाडीचा दोष नाही, पायाचा आहे, आणि पायाला दोन सीझनचे पैसे लागत नाहीत.

पण झोप न येण्याचं कारण तेही नाही.

अकराव्या वेळी आवाज मोठा करून बघितला. शूटिंग हिने केलंय, माझ्या फोनवर, आणि त्याच वेळी स्वतःच्या फोनवर सासूबाई. गाडी सुटायची शिटी होते आणि हिचा आवाज, मासळीचं चाललेलं, 'हां... हां... पेडवे फ्रीजात ठेवलंस मां?' मी पहिल्या ड्रमाला. 'किती गावले?' मी दुसऱ्या ड्रमाला. 'नाय गो आये, अजून फिरतत थयच.' फिरतत! वर्षभराची मेहनत, आणि फिरतत, जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारखे. मधे एकदा कॅमेरा आभाळाकडे जातो, घार दिसते.

आणि मग तिसरा ड्रम. मागची बाजू सटकते, व्हिडिओत वीतभर दिसते, आत मला हातभर वाटली होती. आणि तिथे ही एकदम 'अगो बाय!' म्हणते आणि गप्प. दोन-अडीच सेकंद काहीच नाही, नुसता वारा. गाडी सरळ होते, ड्रमामागून बाहेर येते. मग, 'हां... बोल.'

हे ऐकलं आणि मी खुर्चीतून उठलोच. म्हटलं बाहेरून कोणाला तरी दिसलं. एका तरी माणसाचा श्वास अडकला, आणि तोही हिचा, जिला मी गेल्या वर्षभर जेवताना एस्टीमच्या गिअरबॉक्सबद्दल सांगतोय आणि जी त्यावर 'भात वाढू?' म्हणते. परत मागे घेऊन ऐकलं. परत. अगो बाय, वारा, हां बोल.

न राहवून आत जाऊन विचारलं, दिवा घालवून आडवी झालेली. तिसऱ्या ड्रमाला तू गप्प का झालीस?

'खयच्या ड्रमाक?'

व्हिडिओ दाखवला. डोळे बारीक करून बघितला, मग हसायला लागली. 'तां होय? थय आयेकडे मांजर पेडवो घेवन पळाला. ती फोन टाकून धावली, म्हणान मी थांबलंय.' आणि कूस बदलून झोपली.

आता ओटीवर येऊन बसलोय. मांजर असेलही. सासूबाईंकडचं ते बोकड्याएवढं मांजर मला माहितीय, ते पेडवा काय, सुरमईही नेईल. पण 'अगो बाय' आधी आहे, मी सटकतो त्याच क्षणाला, मागेपुढे जराही नाही. आणि मांजर पळालं म्हणून माणूस एवढ्या जोरात ओरडेल का, तेही दुसऱ्याच्या घरातलं मांजर, फोनवरून?

व्हिडिओवर वेळ आहे, 11 वाजून 42 मिनिटं. सकाळी सासूबाईंना फोन करून विचारावं का, मांजराने पेडवा नेमका किती वाजता नेला?