तुम्ही विचारलंत म्हणून: गोळी तीच, मग पातळी वेगळी कशी?

फोंड्याला आमच्या फार्मसीत मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेली माणसं टॅक्रोलिमस न्यायला येतात; शरीराने नवं मूत्रपिंड नाकारू नये म्हणून घ्यायचं हे औषध. रिपोर्ट पुढे धरून विचारतात, "ताई, गोळी तीच, डोस तोच. रक्तातली पातळी मागच्या खेपेला सात, आता साडेपाच. असं कसं?"

हे औषध मुख्यतः यकृतातली आणि आतड्यातली सीवायपी३ए नावाची विकरं, म्हणजे एन्झाइम, मोडतात. त्यांतलं सीवायपी३ए५ ज्यांच्यात जन्मतः काम करतं, त्यांना इतरांच्या साधारण दीड ते दोन पट डोस लागतो. हे आयुष्यभर बदलत नाही. त्यामुळे शेजाऱ्याच्या डोसशी आपला डोस ताडण्यात अर्थ नाही. तुलना करायची ती स्वतःच्याच मागच्या रिपोर्टांशी.

पण जनुक तेच राहिलं तरी औषध निकालात काढण्याचा वेग हलतो. जुलाबांचंच बघा. पोट बिघडलं की औषध अंगी लागणार नाही असं वाटतं, पण टॅक्रोलिमसची पातळी तेव्हा बहुधा चढते. आतड्याच्या अस्तरातली विकरं मंदावतात, औषध परत आतड्यात ढकलणारं पी-ग्लायकोप्रोटीनही दुबळं पडतं, आणि एरवी वाटेतच अडलं असतं ते औषध रक्तात पोचतं. पावसाळ्यात दुसरीच काळजी. अंग सतत ओलं, जांघेत गजकर्ण, आणि कोणीतरी सुचवलेली बुरशीवरची गोळी, फ्लुकोनाझोल. ती या विकरांना अडवते, पातळी वर जाते. क्षयाची रिफाम्पिसिन नेमकी उलट: विकरं वाढवते, पातळी कोसळते. म्हणून प्रत्यारोपण झालेल्याने चिठ्ठीशिवाय फ्लुकोनाझोल मागितली तर मी देत नाही, आधी डॉक्टरांना फोन करायला लावते.

कधी शरीर बदललेलंच नसतं. तपासणीचं रक्त सकाळच्या गोळीआधी, रात्रीच्या गोळीनंतर सुमारे बारा तासांनी द्यायचं असतं. बांबोळीच्या इस्पितळात जायची बस गाठायच्या घाईत सवयीने गोळी घेतली, की आकडा फुगतो. चतुर्थीला आरत्या लांबल्या आणि रात्रीची गोळी भरल्या पोटी गेली, तरी फरक पडतो.

सातावरून साडेपाच, एवढ्या एका आकड्याने मी घाबरत नाही. डोस तोच असताना पातळी वारंवार वरखाली होत असेल तर मात्र मला काळजी वाटते, कारण अशा रुग्णांत मूत्रपिंड नाकारलं जाण्याचा धोका जास्त आढळला आहे. म्हणून सगळे रिपोर्ट एका वहीत लावा. प्रत्येकासमोर आदल्या रात्रीच्या गोळीची वेळ, रक्त दिल्याची वेळ, त्या आठवड्यातला आजार, नवं औषध आणि बदललेली कंपनी लिहा. डोसला मात्र स्वतः हात लावू नका; वही डॉक्टरांना दाखवा.