सायलेंट शटर आणि नवरीच्या तोंडावरचे पट्टे

लग्नाचे फोटो काढायला लागून मला चौदा वर्षं झाली, पण मागच्या वैशाखात कराडकडच्या एका लग्नात जी फजिती झाली तशी कधी झाली नव्हती. कॅमेऱ्याच्या कंपनीचं नाव नाही घेत, कारण जवळपास सगळ्याच असल्या फुगवलेल्या जाहिराती करतात.

नवा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा घेतला होता, कर्ज काढून. डेमोला आलेला पोरगा म्हणाला, सर सायलेंट शटर, अजिबात आवाज नाही, सेकंदाला 20 फोटो, हात हलला तरी सावरणारं 8 स्टॉपचं स्टॅबिलायझेशन, आता ट्रायपॉड विकून टाका. एक स्टॉप म्हणजे शटरचा वेळ दुप्पट, तर 8 स्टॉप म्हणजे 1/250 सेकंदाला जो फोटो हातात धरून नीट येतो तो जवळजवळ 1 सेकंदाला यायला पाहिजे. मी तिथंच दुकानातल्या भिंतीचे चार फोटो काढले, खरंच शार्प आले, भुललो. भिंत हलत नाही हे तेव्हा डोक्यात आलं नाही. ब्रोशरमध्ये त्या 8 वर एक छोटा स्टार होता, खाली मुंगीएवढ्या अक्षरात सीपाच्या स्टँडर्डप्रमाणे, अमुक लेन्स, तमुक एमएम. आता सीपा ही जपानमधली कॅमेरा कंपन्यांची संघटना, तिची टेस्ट म्हणजे कॅमेरा मशीनवर ठेवून हलवतात आणि समोर एक चार्ट असतो, गपगार. आमच्याकडं समोर नवरदेवाचे मित्र असतात.

तर मंगलाष्टका सुरू झाल्या. भटजींना शटरची खटखट आवडत नाही म्हणून सायलेंट मोड लावला, 1/250, आणि धडाधड सुरू. व्ह्यूफाइंडरमध्ये जरा काहीतरी थरथरल्यासारखं वाटत होतं पण म्हटलं नवा कॅमेरा आहे, असेल. अंतरपाट बाजूला झाला, अक्षता उडाल्या, वाजंत्री सुरू, मी खूश. आमचं असिस्टंट पोरगं माझा जुना डीएसएलआर (आरशाचा, खऱ्या पडद्याच्या शटरचा कॅमेरा) घेऊन कोपऱ्यात खटाक खटाक करत होतं, त्याला मी दोनदा डोळे वटारले.

रात्री लॅपटॉपवर टाकले आणि पोटात गोळाच आला. प्रत्येक फोटोत आडवे पट्टे, एक उजेड एक काळपट, नवरीच्या कपाळावर उजेड आणि नाकापासून खाली सावली. हजारेक फोटो असतील.

कारण साधंय. कार्यालयाच्या स्टेजवर स्वस्तातले एलईडी होते. आपली लाइट 50 हर्ट्झची, म्हणजे असले दिवे सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होतात, डोळ्याला कळत नाही. सायलेंट मोडमध्ये पडदा नसतो, सेन्सर म्हणजे फोटो टिपणारी चिप वरून खाली ओळीओळीनं वाचली जाते. मी नंतर फोटोतले पट्ट्यांचे जोड मोजले, पाच भरले, एकाला 10 मिलीसेकंद धरले तर पूर्ण सेन्सर वाचायला साधारण 50, म्हणजे 1/20 सेकंद! शटर 1/250 लावलं तरी वरची ओळ आणि खालची ओळ एका क्षणाची नव्हेच. मेकॅनिकल शटरचा पडदा हेच काम काही मिलीसेकंदात उरकतो. आणि वाचायला किती वेळ लागतो हा आकडा त्या जाडजूड ब्रोशरमध्ये कुठंच नाही, 20 फोटोंचा मात्र पहिल्याच पानावर. दिव्यांची ही लुकलुक चुकवणारं अँटी-फ्लिकर होतं की, पण सायलेंट लावलं की मेनूत ते राखाडी होऊन बसतं, लागतच नाही (माझ्या मॉडेलात तरी).

ज्यांचे सेन्सर झटकन वाचले जातात असे कॅमेरे आहेत, सोनीनं 2023 मध्ये ए9 थ्री जाहीर केला त्यात तर सगळा सेन्सर एकदम वाचला जातो, पण त्याची किंमत बघून मी वेबसाइट बंद केली. म्हणजे तंत्र खोटं नाही, आपल्या बजेटच्या डब्यात तेच आहे असं भासवणं खोटं.

वाचवलं कुणी, तर त्या खटाक खटाक करणाऱ्या पोरानं. मंगलाष्टकांचे सगळे फोटो त्याचेच दिले. तरी अल्बम बघताना नवरीच्या आई म्हणाल्याच, "दादा, एवढा मोठा कॅमेरा होता तुमच्याकडं, त्यातला एकबी नाही व्हय?" मी पाणी प्यालो.

आता कार्यालयात आदल्या दिवशी जाऊन स्टेजचे दिवे लावायला सांगतो आणि सायलेंटवर दोन-चार फोटो काढून बघतो. परवा त्या डेमोवाल्या पोराचा फोन, सर नवीन मॉडेल आलंय, त्यात पट्ट्यांचा प्रॉब्लेम सॉल्व्ह केलाय. म्हटलं घेऊन ये, पण दुकानात नको, रविवारी मुहूर्त आहे, थेट कार्यालयातच ये. अजून आला नाही.