प्रेझेंट सर!

आज इंग्रजी बोलायला शिकवायच्या माझ्या संध्याकाळच्या बॅचला एक नवीन मुलगी आली. बी.कॉम. झालेली. वहीत बाराही काळांचा तक्ता, लाल-निळ्या पेनाने आखलेला, अगदी छापल्यासारखा. म्हटलं, वही मीट आणि काल काय केलंस ते इंग्रजीत सांग. बराच वेळ गप्प. मग "आय डिड नॉट वेंट..." आणि लगेच जीभ चावली. चूक तिची तिलाच कळली होती!

मराठीत 'गेले नाही' म्हणताना भूतकाळ क्रियापदातच बसलेला असतो. इंग्रजीत तो 'डिड'कडे जातो आणि 'गो' कोरडंच राहतं. नियम तिला पाठ आहे हो. पण डोक्यात आधी मराठी वाक्य, मग शब्दांची शोधाशोध, मग तक्ता. तोवर समोरचा कंटाळतो.

आपल्याकडे २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. पण धडा मराठीतून समजावलेला, निबंध गाईडमधून पाठ केलेला. तोंड उघडायचं ते हजेरीला, "प्रेझेंट सर" म्हणायला. (मीही असाच शिकलो, कशाला लपवा.)

"घरी बोलले की भाऊ हसतो," ती म्हणाली. मग व्याकरण ठेवलं बाजूला. म्हटलं, पोहे कसे करतेस ते सांग.

"फर्स्ट वॉश पोहे. नॉट मोर वॉटर, इट बिकम चिखल!"

सगळी बॅच हसली. तीही हसली, आणि थेट कोथिंबीर-खोबऱ्यापर्यंत न थांबता बोलत गेली. वही बाकावर मिटलेलीच होती.