होम वाचलं, क्रॉनटॅब गेला

मागच्या महिन्यात लॅपटॉपवर लिनक्स नव्याने टाकलं. मोडलं असं काही नव्हतं, पण तीन वर्षं अपग्रेडवर अपग्रेड मारून सिस्टीमची पार खिचडी झालेली, कधीतरी टाकलेल्या आणि नंतर विसरलेल्या पीपीए (बाहेरून जोडलेली पॅकेजेसची भांडारं), अर्धवट काढलेले ड्रायव्हर, शेवटी पॅकेजेसचा असा गुंता झाला की म्हटलं सोडवत बसण्यापेक्षा पाटी कोरी केलेली बरी. आणि मी एकदम निवांत होतो, कारण माझं होम, म्हणजे माझ्या फाइली आणि सेटिंग्जचं फोल्डर, पहिल्यापासून वेगळ्या पार्टिशनवर (डिस्कच्या वेगळ्या भागावर) आहे.

वेगळं होम असेल तर काम खरंच सोपं असतं. इन्स्टॉलरमध्ये मॅन्युअल पार्टिशनिंग घ्यायचं, रूटचं (जिथे खुद्द सिस्टीम बसते ते) पार्टिशन फॉरमॅट करायचं, होमच्या पार्टिशनला फक्त माउंट पॉइंट (ते कुठल्या फोल्डरला जोडायचं ते) द्यायचा आणि फॉरमॅटची टिक काढलेली आहे ना ते बघायचं. परत बघायचं. अजून एकदा बघायचं, कारण त्या एका टिकवर सगळे फोटो अवलंबून असतात. पेनड्राइव्हवरून बूट केलं की डिस्कची नावं मागेपुढे होऊ शकतात, त्यामुळे मी नावावर जातच नाही, पार्टिशनला आधीच लेबल देऊन ठेवतो आणि साइज बघून खात्री करतो. आणि हो, बॅकअप तरीही घ्यायचाच, वेगळं पार्टिशन असलं तरी डिस्क तीच असते.

वेगळं पार्टिशन नसेल तर सगळं बाहेरच्या डिस्कवर न्यायला लागतं, आणि ती डिस्क एक्सफॅट किंवा फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर फाइली नुसत्या ओढून टाकू नका. त्यात लिनक्सच्या परमिशन टिकत नाहीत, सिमलिंकही (फाइलींचे शॉर्टकट) नाहीत, मग परत आणल्यावर एसएसएच (दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायचं साधन) म्हणतं की तुझी प्रायव्हेट की सगळ्यांना वाचता येतेय, मी नाही वापरणार. टार करून (सगळं एका फाइलीत बांधून) न्या, किंवा डिस्क लिनक्सच्या ईएक्सटी४ मध्ये फॉरमॅट करून आरसिंक (कॉपी करायची कमांड) मारा. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, त्यामुळे तिथे टारही तुकड्यांत करावा लागतो.

तर इन्स्टॉल झालं, लॉगिन केलं, वॉलपेपरसकट सगळं जिथल्या तिथे. युजर तयार करताना एकच काळजी घेतली होती. फाइलीचा मालक कोण हे लिनक्स नावाने नाही, नंबरने लक्षात ठेवतं, आणि हल्ली बहुतेक डिस्ट्रोमध्ये (लिनक्सच्या प्रकारांत) पहिल्या युजरला १००० नंबर मिळतो. मशीनवर दोन अकाउंट असतील आणि नव्या सिस्टीमवर ती उलट क्रमाने बनवली तर याचं घर त्याच्या नावावर. एकदा केलंय मी हे, मग चोन (chown, फाइलीचा मालक बदलायची कमांड) मारत बसलो होतो.

पुढचे दहा-बारा दिवस मी खूश. मग एक फाइल चुकून उडवली, म्हटलं बॅकअपमधून काढू, तर शेवटचा बॅकअप इन्स्टॉलच्या आदल्या रात्रीचा! कारण रोज रात्री होमचा बॅकअप घेणारी ओळ होती क्रॉनटॅबमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालवायच्या कामांची यादी), आणि क्रॉनटॅब होममध्ये नसतो, तो असतो व्हारच्या (/var) आत स्पूल फोल्डरमध्ये, म्हणजे रूट पार्टिशनवर. जी स्क्रिप्ट ती चालवायची ती युएसआर लोकल बिनमध्ये (/usr/local/bin), म्हणजे तीही रूटवर, तीही गेली. एररसुद्धा नाही, कारण एरर द्यायला काही चालतच नव्हतं.

मग बसून आठवायला लागलो की अजून काय काय गेलं. वायफायचे पासवर्ड ईटीसीमध्ये (/etc, सिस्टीमच्या सेटिंग्जचं फोल्डर) असतात, ते गेले. पोस्टग्रेस या डेटाबेसचा डेटा व्हार-लिबमध्ये, तो मात्र सुदैवाने आधी डम्प करून (फाइलीत काढून) ठेवला होता (नुसतं फोल्डर उचललं असतं तर नव्या मेजर व्हर्जनने ते उघडलं नसतं). हाताने टाकलेल्या पॅकेजेसची यादी एप्ट-मार्क शोमॅन्युअल (apt-mark showmanual) या कमांडने मिळाली असती, ती घेतली नव्हती. आता फॉरमॅटच्या आधी अख्ख्या ईटीसीचा टार करून होममध्ये टाकतो. पण तो तसाच्या तसा परत ओतायचा नाही हं, एफएसटॅबमध्ये (बूट होताना कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं त्याची फाइल) जुन्या रूटचा यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) असतो आणि फॉरमॅट केल्यावर तो बदलतो, मशीन बूटलाच अडकेल. लागेल ती फाइल उघडून बघायची, लागेल तेवढंच घ्यायचं.

होममधलंही सगळं जपण्यासारखं नसतं. डेस्कटॉप बदलणार असाल तर जुनं डॉट कॉन्फिग (.config, सेटिंग्जचं लपलेलं फोल्डर) बाजूला सरकवून ठेवा आणि हवं ते एकेक परत आणा, नाहीतर नव्या सिस्टीमवर जुनीच दुखणी. कॅश तर सरळ उडवा. फायरफॉक्सचं मात्र सांभाळून, नव्या व्हर्जनमध्ये वापरलेला प्रोफाइल जुनं व्हर्जन उघडू देत नाही, आणि उबुंटूवर फायरफॉक्स स्नॅपचा (उबुंटूचा पॅकेजचा प्रकार) असेल तर प्रोफाइल नेहमीच्या डॉट मोझिलात नसून स्नॅप फोल्डरच्या आत सापडतो. फ्लॅटपॅक (असाच आणखी एक पॅकेजचा प्रकार) वापरणाऱ्यांचं बरं आहे, सेटिंग्ज होममध्येच डॉट व्हार खाली असतात, ॲप परत टाकलं की जिथे सोडलं तिथून सुरू. लॉगिनचा पासवर्ड नवा ठेवलात तर कीरिंग (साठवलेले पासवर्ड सांभाळणारी तिजोरी) जुनाच मागत बसेल, तेवढा लक्षात ठेवा.

क्रॉनटॅब परत लिहिला, आठवून आठवून. आता त्यातली पहिली ओळ रोज त्या क्रॉनटॅबचीच कॉपी होममध्ये टाकते, बॅकअप त्याच्यानंतर.