कडुनिंबाखाली उभी गाडी: डिंक काढायची नोंद

पहिली सकाळ, साडेसहा. सोलापुरात मे महिन्यात आठ वाजले की बॉनेटला हात लावायची सोय नाही. तापल्या पत्र्यावर डिंक मऊ होऊन पसरतो आणि अल्कोहोल काम करायच्या आत उडून जातं. म्हणून सावली हवी, आणि पत्रा हाताला गार लागेल तोवरच काम.

आधी शाम्पूने धुणं, दोन बादल्या घेऊन. धुळीसकट डिंक पुसला तर ओरखडे धुळीचे पडतात, नाव डिंकाचं होतं.

मग ओळख पटवणं. बहुतेक चुका इथेच होतात, कारण गाडीवर चिकट दिसेल ते सगळं एकाच बाटलीने काढायला लोक निघतात. कडुनिंब-बाभळीचा डिंक पाण्यात फुगतो. आंब्याखालचा बारीक चकचकीत शिडकावा तर झाडाचा नसतोच. तो मोहरावरच्या तुडतुड्यांचा गोड स्राव, कोमट पाण्याने जातो. आंब्याचा चीक मात्र राळेसारखा, पाण्याला दाद देत नाही.

बॉनेटवर 14 थेंब, सगळे कडुनिंबाचे. मायक्रोफायबर कोमट पाण्यात भिजवून, घडी करून थेंबावर 10 मिनिटं. पाणी हाताला सोसेल इतकंच गरम. फुगून पांढुरका झाला की कापडाने हलकेच उचलायचा. नखाने नाही, ब्लेडने तर नाहीच. तीन फेऱ्यांत 11 गेले. (टॉवेल सोलापूरचाच, पण अंगासाठी. त्याच्या फाशांत कचकच अडकते, रंगावर फिरवू नये.)

बोअरचं पाणी जड. वाळू दिलं की पांढरे ठिपके उरतात आणि तेच डिंक समजून घासले जातात. लगेच टिपून घ्यावं.

दुसरी सकाळ. उरलेल्या तिघांसाठी 70 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, मेडिकलमधलं. कापसाचा बोळा भिजवून थेंबावर 30 सेकंद ठेवला, न घासता उचलला, लगेच पाणी. बॉनेटवरचे दोन दुसऱ्या खेपेला सुटले. तिसरा सुटला, पण खाली कडं राहिलं.

डाव्या फेंडरवरही एक थेंब होता, पण ते फेंडर आधी पुन्हा रंगवलेलं. दाराआडच्या कडेला चाचणी घेतली तर कापसाला रंग लागला. काम तिथेच थांबवलं. तो थेंब सहा फेऱ्या नुसत्या पाण्याने काढला. रंगाच्या दुकानात हमखास सुचवतात तो एनसी थिनर (नायट्रोसेल्युलोज रंग पातळ करायचा द्राव) अशा पॅनलचा घातच करतो, आणि कंपनीचा क्लिअरकोटही, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, मऊ करतो.

तिसरी सकाळ, ते कडं. डिंक उन्हात सुकताना आकसतो आणि खालचा क्लिअरकोट ओढतो. हा खड्डा असल्यामुळे क्ले बारचा, म्हणजे पत्र्यावर चिकटलेला मळ ओढून काढणाऱ्या मातीसारख्या वडीचा, उपयोग शून्य. मऊ फोमचा पॅड, बारीक पॉलिशचे चार थेंब, डीए मशीन (फिरता फिरता डोलणारं पॉलिशचं यंत्र) मंद गतीवर, पाच फेऱ्या. कडं फिकं झालं, गेलं नाही. क्लिअरकोट साधारण 40-50 मायक्रॉनचा. एका कड्यासाठी तो आणखी झिजवण्यात अर्थ नाही. अल्कोहोलने मेण उतरलेलं असतं, म्हणून शेवटी बॉनेटवर मेणाचा पातळ हात.

काचेवरचे चार थेंब शाम्पूच्या पाण्यात नवं ब्लेड तिरकं धरून निघाले. छत बाकी आहे, मागच्या बाजूला सहा थेंब.