माझी पट्टी काळी चार

बुधवार, रात्री

हेवा माणसाला आधी बहिरं करतो. आमच्या गाण्याच्या क्लासमधली ती मुलगी वयानं माझ्या निम्मी असेल. दुगुनीतल्या, म्हणजे दुप्पट लयीतल्या, ताना लीलया घेते आणि अचूक समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येते. कितीतरी दिवस ती गायला लागली की माझ्या मनात एकच चालायचं, आपल्याला हे कधी जमणार? तिचा तीव्र मध्यम, म्हणजे चढा म, कसा लागतो, श्वास कुठे घेते, यातलं काही म्हणजे काही कानात शिरत नव्हतं. शिकणाऱ्या माणसाचं याहून मोठं नुकसान कुठलं?

घरी तिच्यासारखंच गायचा हट्ट. ती काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी सा धरून, गाते म्हणून मीही पेटीवर काळी पाचच धरायची. तार षड्जाला, म्हणजे वरच्या सा ला, गळा आवळायचा, मान ताठ व्हायची आणि दुसऱ्या दिवशी आवाज बसलेला असायचा. आम्हाला शिकवणाऱ्या ताईंनी एकदा ऐकलं, काही न बोलता तानपुरा काळी चारला उतरवला आणि म्हणाल्या, "आता काही दिवस ताना बंद. फक्त खर्ज भर." म्हणजे मंद्र, खालच्या सप्तकातला एकेक स्वर, दम पुरेल तोवर लावून धरायचा. मला ती शिक्षाच वाटली होती.

पण तानपुऱ्याशी माझं खरं नातं तेव्हा जुळलं. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या तुकड्यावर, तारेखाली जवारीचा दोरा असतो. तो केसभर इकडेतिकडे सरकवला की बोदी वाजणारी तार एकदम खुलते. सगळ्या तारा नीट लागल्या की खर्जाच्या, खालच्या सा च्या तारेतून गंधार, म्हणजे ग, ऐकू येतो, कुणी न छेडलेला. स्वयंभू गंधार. इतकी वर्षं नुसतं ऐकून होते. तो प्रत्यक्ष कानावर आला तेव्हा अंगावर काटा आला. मग रोज एकच काम, माझा गंधार त्या गंधारात मिसळतोय का ते पाहायचं. त्या वेळात ती मुलगी मनात येतच नाही.

या दिवसांत शास्त्रीय गायिका गंगूबाई हनगल यांना पुष्कळ ऐकलं. तरुणपणी त्यांचा आवाज पातळ, टोकदार होता. टॉन्सिल्सच्या शस्त्रक्रियेनंतर तो जाड झाला, पुरुषी वाटावा इतका. हुबळीहून रेल्वेनं कुंदगोळला जाऊन सवाई गंधर्वांकडून मिळवलेली विद्या त्यांनी पुढे त्याच आवाजात मांडली. भीमसेन जोशी त्यांचे गुरुबंधू. गुरू एकच, पण दोघांच्या गाण्यात कुणाची गल्लत होणार नाही. आपल्या वाट्याला आलेल्या गळ्यावर अशी निष्ठा असावी, असं मला मनापासून वाटतं.

हेवा अगदी गेला असं नाही. क्लासमधल्या त्या मुलीच्या परीक्षेचा निकाल कळला तेव्हा पोटात दुखलंच. पण आज ती यमन राग गात होती आणि मला ऐकू आलं, अवरोहात, म्हणजे स्वर उतरताना, ती पंचमावर, प वर, किंचित विसावते, तिथेच श्वास भरून घेते. पुढची तान म्हणून इतकी मोकळी येते! क्लास सुटल्यावर तिला थांबवून विचारलं. तिनं जिन्यातच पलटा, म्हणजे सरावाची स्वररचना, म्हणून दाखवला. "काकू, आधी बरोबरीच्या लयीत म्हणा. श्वासाची जागा पक्की झाली की मग दुगुन."

वहीत उतरवून घेतलाय. उद्या पहाटे खर्ज झाला की तोच घोटायचा, काळी चारमध्ये.