‘फवारणीचा डबा हाती घ्याले लावान का?’

जनरल ओपीडीच्या डॉक्टरांनी केसपेपरवर दोनच ओळी लिहून पाठवलं होतं. हातांना चिरा, मलमं बदलून झाली, गुण नाही, मानसोपचारला दाखवावं. केसपेपर घेऊन बाई आत आल्या, मागोमाग नवरा आणि नऊ वर्षांची मुलगी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या रुग्णालयात ठरलेल्या वारी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक बसतं. त्या पथकात मी सायकियाट्रिक सोशल वर्कर आहे. या कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून लिहिते आहे.

बाईंनी हात टेबलावर ठेवले नाहीत, मांडीवरच उताणे धरले. कोपराच्या चार बोटं खाली रेघ ओढावी तसा फरक दिसत होता. वरची कातडी नेहमीची, सावळी. खालची पांढुरकी, सोललेली, बोटांच्या पेरांवर लाल चिरा. धुणं जिथवर पोचतं तिथवर रंग गेलेला. अंगाच्या साबणानं समाधान होईना म्हणून त्या कपडे धुण्याच्या पावडरीनं हात धूत होत्या.

भीती एकच होती. नवरा कपाशीवर फवारणी करतो, त्याचं औषध आपल्या हाताला लागलं असेल आणि कणकेतून मुलीच्या पोटात जाईल. ‘माह्या हातालेच लागून असंन त, मॅडम? पोरीच्या पोटात गेलं त?’ ही भीती हवेतून आलेली नाही. 2017 च्या खरिपात याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. पण रोजचे पाच तास धुण्यात जाणं, नवऱ्याला गोठ्यापाशीच आंघोळ करायला लावणं, मुलीला जेवायच्या आधी तीनदा हात धुवायला लावणं, आणि हे सगळं फवारणी नसलेल्या महिन्यांतही चालू राहणं, याला सावधगिरी म्हणत नाहीत. हा ओसीडी आहे, म्हणजे नको ते विचार पुन्हापुन्हा येणं आणि ती भीती उतरावी म्हणून तीच कृती पुन्हापुन्हा करावी लागणं, असा मनाचा आजार.

सगळ्यात आधी मरणाचे विचार येतात का ते विचारलं. आमच्या भागात हा प्रश्न पुढं ढकलता येत नाही, कारण घरात कीटकनाशक असतंच. उत्तर ‘हो’ असतं तर पुढचं सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर, भरती आणि घरातलं फवारणीचं औषध कुलपात किंवा घराबाहेर, अशी सोय करावी लागली असती. थेरपिस्ट निवडत बसण्याची ती वेळ नसते. इथं उत्तर ‘नाही’ होतं. मानसोपचारतज्ज्ञांनी तपासलं. ओसीडीची तीव्रता मोजायची दहा प्रश्नांची एक मोजपट्टी असते, शून्य ते 40 गुणांची. त्यात 27 आले, म्हणजे तीव्र. डॉक्टरांनी फ्लुओक्सेटिन सुरू केलं आणि समजावून सांगितलं की ओसीडीत गोळीचा पुरता अंदाज यायला आठ ते बारा आठवडे लागतात, डोसही बऱ्याचदा नैराश्यापेक्षा जास्त लागतो, आणि ‘आता बरं वाटतं’ म्हणून मधेच सोडायची नाही.

थेरपीचं नाव काढलं तसा नवरा म्हणाला, ‘ते करून पाह्यलं जी आमी. पाच खेपा गेलो. पैसेही गेले.’

बाई लगेच म्हणाल्या, ‘पण ताई लय चांगल्या होत्या.’

दोघांचंही खरं होतं. जवळच्या शहरात कुणी समुपदेशक होत्या. पाच बैठकांत काय काय झालं ते मी एकेक करून विचारलं. लहानपणच्या गोष्टी बोलून झाल्या. डोळे मिटून श्वासाचे व्यायाम झाले. मनगटात रबर बँड घालायला दिला होता आणि वाईट विचार आला की तो ओढून सोडायचा होता. शिवाय दर बैठकीच्या शेवटी बाई विचारायच्या, ‘पोरीले काही होणार नाही ना?’ आणि ताई मायेनं सांगायच्या, ‘काहीच होणार नाही.’ ते समाधान बसस्टँडपर्यंत टिकायचं.

नेमकं इथंच बिघडत होतं. ओसीडीत धीर देणं म्हणजे गजकर्ण खाजवणं: घटकाभर बरं वाटतं आणि खाज वाढते. हात धुतल्यानं, विचारून खात्री करून घेतल्यानं भीती उतरते, आणि मेंदू एवढंच शिकतो की धुतलं म्हणून वाचलो. पुढच्या वेळी धुणं जास्त लागतं. नवरा दिवसातून वीसदा तेच उत्तर देत होता, तोही नकळत आजारालाच खाऊ घालत होता. विचार दाबला की तो दुप्पट जोरानं येतो, म्हणून रबर बँडही उलटा पडला. त्या ताईंच्या चांगुलपणाबद्दल मला शंका नाही. शोक, घरातले ताण, परीक्षेची धास्ती यांत त्यांच्या अशा ऐकून घेण्यानं पुष्कळांना आधार मिळत असेल. या आजाराला त्याचा उपयोग नव्हता.

ओसीडीसाठी जी थेरपी सर्वांत जास्त तपासली गेली आहे तिला ईआरपी म्हणतात. भीतीच्या गोष्टीला पायरीपायरीनं सामोरं जायचं आणि त्यानंतर धुणं, विचारणं, तपासणं रोखून धरायचं. साधारण 12 ते 20 बैठका लागतात, आणि अर्ध्याहून जास्त काम घरी करायचं असतं. त्यामुळं थेरपिस्ट शोधताना ‘चांगला कोण?’ हा पहिला प्रश्न होऊच शकत नाही. ‘कशासाठी हवा?’ हा पहिला. दारू सोडायची असेल तर आधी डॉक्टर, कारण रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केल्यावर पहिल्या तीन-चार दिवसांत झटके येऊ शकतात आणि वात, म्हणजे भ्रम, होऊ शकतो, समुपदेशन त्यानंतर. नवरा-बायकोचं भांडण असेल तर दोघांना एकत्र बसवून काम करणारा हवा. मूल वाचनात मागं पडत असेल तर चाचण्या करणारा. पाटी सगळ्यांची सारखीच असते, ‘समुपदेशन केंद्र’.

पाटीमागं काय आहे ते विचारल्याशिवाय कळत नाही, आणि विचारायला लाजायचं कारण नाही. मानसोपचारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर मानसोपचार शिकलेला डॉक्टर, गोळ्या तो लिहितो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाही, थेरपी आणि चाचण्या करतो. त्याच्याकडं भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो आणि तो परिषदेच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. समुपदेशक म्हटलं की कुठं एम.ए. मानसशास्त्र, कुठं एमएसडब्ल्यू, कुठं थोड्या दिवसांचा ऑनलाइन कोर्स. आमच्या पथकात त्या वेळी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची जागा रिकामी होती. मी ईआरपीची तत्त्वं जाणते, घरच्यांना समजावू शकते, पाठपुरावा करू शकते. पण इतक्या तीव्र ओसीडीची थेरपी नियमित करणारा माणूस वेगळा हवा, हे मी त्या दोघांना सरळ सांगितलं.

मग त्यांच्या समोरच, त्यांच्या परवानगीनं, फोन लावले. नाव न सांगता, स्पीकरवर. पेशंटनं हे ऐकावं असं मला वाटतं, कारण उद्या निवड त्यालाच करायची असते.

पहिला फोन एका खाजगी केंद्राला. ओसीडी म्हटल्याबरोबर, ‘घेतो ना, नैराश्य, ओसीडी, वजन कमी करणं, मुलांची एकाग्रता, सगळं घेतो.’ पद्धत कोणती विचारलं तर ‘आमची स्वतःची पद्धत आहे.’ एका बैठकीचे 1500, दहा बैठका एकदम भरल्या तर 12 हजार. आणि शेवटी, ‘गोळ्या चालू असतील तर बंद करा, गोळ्यांची सवय लागते.’ बाईंना एकही प्रश्न विचारला गेला नाही. मला यातल्या एका वाक्यावर अडायला झालं असतं, इथं चारही होती. सगळंच येतं म्हणणारा, पद्धत न सांगणारा, आगाऊ पैसे बांधून घेणारा आणि स्वतः डॉक्टर नसताना गोळी बंद करायला सांगणारा. यातली शेवटची गोष्ट तर धोक्याची आहे.

दुसरा फोन एका मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागातल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टना. सेवाग्राम, सावंगी, यवतमाळ, नागपूर इथं मेडिकल कॉलेजांत असे विभाग आहेत. निघण्याआधी थेरपीचा वार आणि वेळ मात्र फोन करून ठरवून घ्यावी, ओपीडीच्या गर्दीत थेरपी होत नसते. त्या मॅडमनी आधी आम्हालाच विचारलं. दिवसातले किती तास जातात? घरातल्या कुणाकुणाला धुवायला लावलं जातं? गोळी कोणती, कधीपासून? आधीच्या बैठकांत काय केलं? मग म्हणाल्या, पहिल्या दोन भेटी माहिती आणि पायऱ्या ठरवण्यात जातील, तिसरीपासून काम सुरू. पाचव्या भेटीनंतर तीच मोजपट्टी पुन्हा लावू, फरक नसेल तर पद्धत किंवा थेरपिस्ट बदलण्याचं बोलू.

मी बाईंना म्हटलं, तुम्हाला काय विचारायचं ते विचारा. त्या बराच वेळ गप्प होत्या. नंतर फोनकडं वाकून म्हणाल्या, ‘तुमी मले फवारणीचा डबा हाती घ्याले लावान का?’

पलीकडून उत्तर लगेच आलं. ‘नाही. तो डबा मीही हातात घेणार नाही. तुमच्या जावा, शेजारणी जे न घाबरता करतात, तेवढंच आपण करायचं. फवारणी करून आल्यावर साबणानं हात धुणं, ते कपडे वेगळे धुणं, हे तसंच राहील. एकदा धुवायचं. दुसऱ्यांदा नाही.’

आम्ही वहीत लिहून ठेवलेल्या सगळ्या प्रश्नांपेक्षा हा प्रश्न नेमका होता. ईआरपीचं नाव माहीत असलेला पण शेती न पाहिलेला थेरपिस्ट ‘शेतातून आल्यावर हात धुऊच नका’ असा गृहपाठ देऊ शकतो. कपाशीच्या गावात ऑगस्ट ते ऑक्टोबर तो गृहपाठ जिवावर बेतेल. कीटकनाशक कातडीतूनही अंगात जातं. म्हणून थेरपिस्टला आपलं जगणं समजतं का, समजत नसेल तर तो विचारतो का, हे पाहणं हा निवडीतला मोठा भाग आहे. तो वऱ्हाडी बोललाच पाहिजे असं नाही. ‘निंदणाले जातो’ म्हटल्यावर ‘म्हणजे काय करता?’ एवढं त्यानं विचारलं तरी पुरे.

पायऱ्यांचा नमुना मॅडमनी फोनवरच दाखवला. घाबरणं किती, ते बाईंनी रुपयात आण्यांनी सांगितलं, आकड्यांपेक्षा ते त्यांना सोपं गेलं. गोठ्याच्या बंद दाराला हात लावणं चार आणे. नवऱ्याचा धुतलेला सदरा घडी घालणं सहा आणे. एकदाच हात धुऊन कणीक भिजवणं बारा आणे. ती पोळी मुलीला वाढणं सोळा आणे. सुरुवात चार आण्यांपासून. प्रत्येक पायरीला भीती चढते, न धुता थांबलं की हळूहळू सोसवते, बरेचदा उतरतेही. तीच पायरी रोज केली की पुढच्या आठवड्यात ती दोन आण्यांवर येते. पायऱ्या पेशंटशी बोलून ठरतात. पहिल्याच दिवशी सोळा आण्यांवर ढकलणारा थेरपिस्ट पेशंट गमावतो, आणि कुठलीच पायरी न देता महिनोन्‌महिने नुसत्या गप्पा मारणारा पेशंटची वर्षं घालवतो.

राहिला जाण्यायेण्याचा हिशेब, आणि पुष्कळ थेरप्या इथंच तुटतात. आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि औषध 15 ऑगस्ट 2023 पासून मोफत आहे, पण मेडिकल कॉलेज त्यात येत नाही, तिथं केसपेपरचे थोडे पैसे लागतात. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. तरी दोघांची मजुरी बुडते. त्यामुळं ठरलं असं: गोळ्या आमच्याकडून, पहिल्या दोन भेटी समोरासमोर, मग एक आड एक व्हिडिओ कॉल. ओसीडीत व्हिडिओचा एक फायदाच आहे, कारण आजार थेरपिस्टच्या खोलीत नाही, घरच्या न्हाणीत आणि चुलीपाशी आहे. मोबाइल तिथंच उभा करता येतो. घरात रेंज नसेल किंवा सासू-सासरे ऐकत असतील तर बोलण्याचा भाग शेतातल्या झाडाखाली करावा. 14416 हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबरही लिहून दिला. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. रात्री जीव घाबरला तर त्याचा उपयोग, पण पंधरा-वीस बैठकांची ईआरपी एका ठरलेल्या थेरपिस्टकडंच करायची असते.

नवऱ्याला विचारायचं होतं की आता ती विचारेल तेव्हा उत्तर द्यायचं की नाही. एकदम बंद करू नका, असं सांगितलं. घरच्यांनी एका रात्रीत हात आखडला तर भांडणं होतात आणि थेरपीचंच नाव खराब होतं. कितीदा उत्तर द्यायचं, कधी कमी करायचं, ते थेरपिस्ट तुम्हा दोघांना बसवून ठरवेल. तोवर फक्त मोजा.

केसपेपरच्या मागं पहिल्या भेटीला न्यायच्या गोष्टी लिहून दिल्या. चालू गोळ्यांची पट्टी. आधीच्या समुपदेशकांकडची नोंद मागून घ्यावी. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार आपल्या उपचाराच्या नोंदी मागण्याचा पेशंटला हक्क आहे. आणि सात दिवसांची वही: किती वाजता धुतलं, त्याआधी काय झालं, किती मिनिटं धुतलं, नवऱ्याला कितीदा विचारलं. बाईंना लिहिताना वही ‘खराब’ होण्याची भीती वाटली, म्हणून ‘नोंद मी करू का?’ असं मुलीनं विचारलं. नको म्हटलं. आईवर पाळत ठेवायचं काम नऊ वर्षांच्या मुलीवर येऊ नये. रेघा नवरा मारेल. पहिल्या भेटीला मुलीची शाळा बुडवू नका, नवरा मात्र सोबत हवाच.